लष्करी रायफल आणि घरगुती कानस

दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें आणि जगांतील मोठमोठ्या सैन्यांपाशीं लाखों रायफली एकाएकीं रिकाम्या पडल्या. पुढील वीस वर्षांत ब्रिटिश एन्फील्ड व जर्मन माउझर जहाजें भरभरून अमेरिकेच्या बाजारांत आल्या. अमेरिकेची स्वतःची १९०३ सालची स्प्रिंगफील्ड सरकारी कोठारांतून बाहेर पडली. थोड्या डॉलरांत, टपालानें, घरपोंच रायफल मिळूं लागली. एन्फील्डची ओळख मराठी माणसास वेगळी करून देण्याचें कारण नाहीं. थ्री-नॉट-थ्री या नांवानें ती कित्येक वर्षें पोलिसाच्या खांद्यावर त्यानें पाहिलेलीच आहे.

अशी लष्करी रायफल अमेरिकन शिकाऱ्याच्या हातीं आली कीं त्याला तिच्यांत उणिवा दिसूं लागत. नळीच्या टोंकापर्यंत मढविलेलें लांकूड त्याला निष्कारण जड वाटे. संगीन अडकविण्याची सोय त्याच्या उपयोगाची नव्हती. हरणामागें रान तुडवितांना साध्या माशीपेक्षां दुर्बीण बरी, असेंही त्याच्या मनानें घेतलेलें असे. मग रविवार गाठून तो तळघरांतील टेबलावर रायफल पकडींत आवळी, आणि करवत, कानस व गिरमिट घेऊन सुधारणेस आरंभ करी. शेजारीं पुस्तक उघडें असे. पुस्तकांतील चित्रांत सर्व कांहीं फार सोपें दिसे.

ही हौस मुळांत श्रीमंतांची. थिओडोर रूझवेल्ट १९०९ सालीं आफ्रिकेंत शिकारीस गेले तेव्हां त्यांच्यापाशीं शिकारी घाटाचा दस्ता चढविलेली स्प्रिंगफील्ड होती. १९१० च्या सुमारास लॉस एंजलिसच्या लुडविग वुंडहॅमर या कारागिरानें अशा रायफली घडविल्या. १९२३ सालीं न्यूयॉर्कमध्यें ग्रिफिन आणि हॉव ही पेढी निघाली, आणि तिच्या कामाचा लौकिक अद्याप टिकून आहे. या कारागिरांच्या हातच्या रायफलींत डोळ्यांना दिसते ती दस्त्याची सुरेख रेषा. तिच्यामागील लेथ, सूक्ष्म मापें आणि वर्षानुवर्षांची उमेदवारी दिसत नाहीं. घरगुती हौशी माणसानें दिसलें तेवढें उचललें. आणि त्यानें केलेल्या चुका निस्तरण्याचा एक स्वतंत्र व्यवसायच तेथें निर्माण झाला.

या व्यवसायांत पडणाऱ्यास पहिला धडा मिळतो तो असा, कीं लांकूड पुष्कळ क्षमा करतें, पोलाद क्वचितच करतें.

लांकडाचें पाहावें. दस्ता कोठें आपटून खळगा पडला असेल तर त्यावर ओलें फडकें ठेवून तापलेली इस्त्री क्षणभर टेकवितात. वाफ तंतूंत शिरते, दबलेले तंतू फुगतात आणि खळगा आपोआप वर येतो. ही युक्ति इतकी साधी आहे कीं ती माहीत नसलेला मनुष्य तोच खळगा नाहींसा करण्यासाठीं भोंवतालचें सारें लांकूड घासून काढतो. मात्र टवकाच उडाला असेल तर तेथें तंतूच उरलेले नसतात. मग वाफ तरी काय फुगविणार? तेथें त्याच जातीच्या लांकडाचा तुकडा, रेषा जुळवून, बसवावा लागतो.

करवतीनें कापलेला दस्ताही पुन्हां पूर्ववत् करतां येतो. नळीभोंवतीं दस्त्यावर एक धातूची पट्टी असते. दुसऱ्या मोडक्या दस्त्याचा पुढचा भाग मिळवून तो अशा रीतीनें सांधतात कीं सांधा बरोबर त्या पट्टीखालीं यावा. जवसाच्या तेलाचे हात देऊन दोन्ही लांकडांचा रंग जुळला कीं सांगितल्याशिवाय तो सांधा ओळखूं येत नाहीं. काचकागदाचें प्रकरण याहून वाईट. सरकारी कारखान्यांतील तपासनीस प्रत्येक दस्त्यावर आपली छोटीशी मोहोर उमटवीत असे. ती रायफल कोठें व साधारण केव्हां तयार झाली हें त्या मोहोरेवरून कळतें. दस्ता गुळगुळीत करण्याच्या भरांत ती एकदां घासली गेली म्हणजे गेलीच. नवी खोटी मोहोर उमटवून देणारे महाभाग आहेत, पण त्या कामास दुरुस्ती म्हणणें कठीण आहे.

लांकडासंबंधीं आणखी एक गंमतीची चूक आहे. रायफलीचें लोखंडी अंग दस्त्याच्या खांचेंत घट्ट बसलेलें नसेल तर प्रत्येक धक्क्यासरशी तें किंचित् हलतें आणि गोळी दर वेळीं निराळ्या ठिकाणीं लागते. यावर उपाय म्हणून कांचतंतु मिसळलेली राळ त्या खांचेंत भरतात. ती घट्ट झाली कीं लोखंडाचा हुबेहूब साचा तयार होतो. अट एकच: राळ भरण्यापूर्वीं लोखंडास मेण किंवा तत्सम कांहीं लावावें, नाहीं तर तें कायमचें चिकटतें. हें लावावयास विसरणाऱ्यांची संख्या लहान नसावी, कारण त्यावरील इलाज साऱ्या हौशी मंडळींना तोंडपाठ असतो. संपूर्ण रायफल रात्रभर बर्फाच्या कपाटांत ठेवतात. थंडीनें लोखंड आंखडतें, राळ ठिसूळ होते आणि सकाळीं हलक्या ठोक्यानें दोन्ही सुटीं होतात. गृहिणीच्या भाजीशेजारीं रायफल ठेवण्याची परवानगी कशी मिळते, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

आतां पोलादाकडे वळलें पाहिजे. येथें गंमत संपते.

दुर्बीण बसविण्यासाठीं रिसीव्हरवर, म्हणजे ज्यांत बोल्ट मागें-पुढें सरकतो त्या पोलादी अंगावर, भोंकें पाडून त्यांत स्क्रूचे आटे काढावे लागतात. समजा, एकमेकांपासून सहा इंच अंतरावरील दोन भोंकांपैकीं एक इंचाचा शंभरावा भाग बाजूला सरकलें. डोळ्यांस ही चूक दिसणारही नाहीं. परंतु शंभर यार्डांवर तीच सहा इंचांची होते. एवढी चूक असेल तर ती पातळ पितळी पट्टी सरकवून, किंवा मागचा भाग डावी-उजवीकडे सरकवितां येईल अशी बैठक घेऊन, सांवरतां येते. आटे पाडतांना हत्यार आंतच मोडलें तर तें भोंवतालच्या पोलादाहून कठीण असल्यामुळें दुसऱ्या गिरमिटानें निघत नाहीं. विजेच्या ठिणग्यांनीं धातु झिजविणाऱ्या यंत्राकडे तें न्यावें लागतें. आणि पुढचें भोंक उत्साहाच्या भरांत नळीच्या आंत, काडतूस बसण्याच्या जागेंत उतरलें, तर ती नळी फेंकून देण्यावांचून गत्यंतर नाहीं. तेथें काडतुसाचा दाब चौरस इंचास सुमारें ५०,००० पौंड असतो.

चुकलेलें भोंक वितळलेल्या धातूनें भरून टाकावें, असें पुष्कळांच्या मनांत येतें. हा इलाज रोगाहून घातक ठरतो. रिसीव्हरच्या पोलादास कारखान्यांत मोजक्या उष्णतेवर पाणी दिलेलें असतें. बोल्टचे खुंटे ज्या खोबणींत टेकतात ती जागा त्यामुळेंच कठीण राहते. जोडकामाच्या आंचेनें ती मऊ पडली तर प्रत्येक बारासरशी खुंटे तींत रुततात, बोल्ट व काडतूस यांमधील अंतर वाढत जातें, आणि एके दिवशीं काडतुसाचें पितळ फाटून जळता वायु नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. म्हणून जाणता कारागीर चुकीचें भोंक बुजवितांना आंच लावीत नाहीं. तो त्यांत स्क्रू बसवितो, माथा कानशीनें सपाट करतो, रंग मिळवितो आणि तेथेंच थांबतो.

उष्णतेविषयीं ही सावधगिरी किती रास्त आहे, हें खुद्द स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्याच्या इतिहासावरून दिसतें. १९१७ सालीं कांहीं रायफलींचीं अंगें फुटूं लागलीं, तेव्हां चौकशींत असें आढळलें कीं भट्टींतील पोलादाची उष्णता कामगार नुसत्या रंगावरून ओळखीत होते. लख्ख उन्हाच्या दिवशीं तापलेलें पोलाद डोळ्यांस फिकें दिसे, म्हणून ते तें अधिक तापवीत. मापकयंत्रें लावून पाहतां योग्य उष्णतेहून ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत तफावत निघाली. ते कामगार अननुभवी नव्हते, उलट मुरलेले होते. पुढें पद्धति बदलली. तरी ८,००,००० च्या आंतील क्रमांकाच्या स्प्रिंगफील्ड रायफली आजही शहाणा मनुष्य चालवीत नाहीं, भिंतीवर ठेवतो. नंतरच्या काळांत हीं जुनीं अंगें पुन्हां भट्टींत घालून सुधारण्याचा उद्योग कांहींनीं केला. पण जळालेलें पोलाद म्हणजे ज्याच्या कणांमधील बंधच बिघडले आहेत असें पोलाद; तें पुन्हां तापवून व पाणी देऊन सुधारत नाहीं.

नळीचें टोंक कापण्याची चूक मात्र सुधारण्याजोगी असते. गोळी रायफलीस शेवटचा स्पर्श करते तो नळीच्या तोंडाच्या कडेवर. ती कड सर्व बाजूंनीं सारखी नसेल तर मागचा वायु एका बाजूनें आधीं निसटतो आणि गोळीस तिरपा रेटा बसतो. करवतीनें कापून कानशीनें सपाट केलेलें तोंड कितीही चकचकीत दिसलें तरी सारखें नसतें. लेथवर तें पुन्हां कापून घेतलें कीं रायफल सुधारते. मूळ लांबी तेवढी परत येत नाहीं.

सर्वांत धोक्याची चूक सर्वांत लहान तुकड्यावर होते. लष्करी रायफलीचा चाप मुद्दाम जड ठेवलेला असतो. तो हलका करण्याच्या हौसेनें त्याच्या अटकावाची कड घासली जाते. त्या तुकड्याची वरची कातडी तेवढी कठीण असते, आंतील धातु मऊ. कातडी गेली कीं अटकाव झिजूं लागतो. रायफल कांहीं दिवस झकास चालते, मालक खुशींत असतो. मग एकदां बोल्ट जरा जोरानें लोटला, किंवा सुरक्षेची कळ सोडली, आणि चापास बोट न लागतां बार उडतो. यावर दुरुस्ती नाहीं. तो तुकडा टाकून कारखान्यांतील नवा बसविणें, एवढेंच जाणकार सुचवितात.

ब्रिटनमध्यें या बाबतींत कायदा कडक आहे. लंडन व बर्मिंगहॅम येथें बंदुकांची ताकद पारखणारीं प्रमाणगृहें आहेत, त्यांपैकीं बर्मिंगहॅमचें १८१३ सालच्या कायद्यानें स्थापन झालें. फेरफारानें कमजोर झालेली बंदूक पुन्हां पारखून घेतल्याशिवाय विकणें तेथें गुन्हा ठरतो. अमेरिकेंत अशी सक्तीची पारख नाहीं, म्हणून जुनी सुधारलेली रायफल घेणारा तिच्या पूर्वीच्या मालकाच्या रविवारांवर भरंवसा टाकीत असतो. भारतांत तर हा गृहोद्योग संभवतच नाहीं. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें विक्रीसाठीं बनविणें व दुरुस्त करणें, नळी आंखूड करणें, या सर्वांस स्वतंत्र परवाना लागतो. केवळ बंदूक बाळगण्याचा परवाना त्यास पुरत नाहीं.

टपालाचा तो व्यापार फार काळ टिकला नाहीं. १९६३ सालीं अध्यक्ष केनेडी यांच्या वधांत सांपडलेली इटालियन लष्करी रायफल अशीच, दुर्बीण बसवून, टपालानें आलेली होती. १९६८ च्या कायद्यानें टपालाची विक्री व जुन्या लष्करी बंदुकांची आयात या दोहोंवरही बंधनें आलीं. स्प्रिंगफील्डचा सरकारी कारखानाही त्याच वर्षीं बंद झाला. आतां तेथें संग्रहालय आहे. पूर्वीं ज्या रायफली ढिगांनीं मिळत त्यांतील न कापलेल्या आतां वेंचून शोधाव्या लागतात, आणि त्या काळीं तळघराच्या कोपऱ्यांत फेंकलेल्या लांकडी दस्त्यास आज अख्ख्या रायफलीच्या तेव्हांच्या किमतीहून अधिक पैसे पडतात.

मग दिसेल ती सुधारलेली रायफल मूळ रूपास आणावी काय? येथें जाणकारांत एकमत नाहीं. ज्या रायफलीचें फक्त लांकूड कापलें गेलें, लोखंड शाबूत आहे, तिला तिचा दस्ता परत द्यावा, यांत वाद नसावा. जिच्या अंगावर चार भोंकें आहेत आणि नळी तीन इंच आंखूड आहे, तिला लष्करी पोशाख चढविणें म्हणजे सोंग होय. आणि एखाद्या शेतकऱ्यानें ओबडधोबड हातानें कापलेली, पण चाळीस हिवाळे घरांत मांस आणणारी रायफल त्याच्या नातवाकडे आली असेल, तर तिचा चाप व बोल्ट तेवढे जाणत्याकडून तपासून घ्यावेत. आजोबांच्या कानशीच्या खुणा तशाच राहिल्या तरी चालतील.