काम मागणाऱ्याला हमी, काम न झेपणाऱ्याला अर्ज

(शेवगाव येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



भारतीय संविधानाच्या 41व्या अनुच्छेदाने कामाचा हक्क, शिक्षणाचा हक्क आणि बेकारी, वार्धक्य, आजार व विकलांगता या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क, असे तीन हक्क एकाच वाक्यात मांडले आहेत. यांतील पहिला आणि तिसरा हक्क एकमेकांपासून तोडता येत नाहीत. जेथे बहुसंख्यांना अंगमेहनतीवरच जगावयाचे आहे, तेथे राबू शकणाऱ्याला काम आणि राबू न शकणाऱ्याला आधार ही एकाच जबाबदारीची दोन अंगे ठरतात.

महाराष्ट्राने यांपैकी पहिले अंग कायद्यात आणले. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या लाखो हातांनी सरकारला काम देण्यास भाग पाडले. त्यातूनच 1977 चा रोजगार हमी कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. त्याच्या खर्चासाठी 1975 पासून व्यवसाय कर बसविण्यात आला. दुसऱ्या अंगासाठी 1980 साली संजय गांधी निराधार अनुदान योजना निघाली. दोहोंची नावेच पुरेशी बोलकी आहेत. एकीकडे हमी आहे, तर दुसरीकडे अनुदान. पहिलीमागे कायदा उभा आहे. दुसरीमागे शासन निर्णय आहे, आणि शासन निर्णय हा शासनाच्या मर्जीने निघतो व बदलतो.

हा भेद प्रत्यक्षात काय करतो, हे पाहण्यासाठी दूर जावयास नको. बोधेगाव, लाडजळगावच्या बाजूचा एखादा ऊसतोड मजूर डोळ्यांसमोर आणावा. मुकादमाकडून उचल घेऊन नवराबायकोचा 'कोयता' कारखान्यावर जातो. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना त्याचा पाय घसरतो आणि पाठीच्या मणक्याला मार बसतो. त्या क्षणी कोयता मोडतो. उचल मात्र मोडत नाही. ती पुढच्या हंगामापर्यंत बायकोच्या आणि हाताशी आलेल्या मुलाच्या अंगावर राहते. गावी परतलेल्या त्या माणसाला चालता येते, बोलता येते, दारात बसता येते. फक्त वाकता येत नाही आणि ओझे उचलता येत नाही. ज्याची सारी मिळकत वाकण्यात आणि उचलण्यात होती, त्याला आता काहीही मिळवता येत नाही, हा त्याचा अर्थ होय.

अशा माणसाला सरकार विचारते : अपंगत्व किती टक्के? 40 टक्क्यांखाली असेल तर अपंगाच्या सदरात त्याला प्रवेश नाही. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतनासाठी तर 80 टक्के लागतात, आणि त्यातील केंद्राचा वाटा 2012 साली 300 रुपये ठरला तो 2025 पर्यंत तेवढाच राहिला. टक्के ठरविण्यासाठी साधारणतः नगरचे जिल्हा रुग्णालय गाठावे लागते. शेवगावहून ते साठ-पासष्ट किलोमीटर दूर आहे. एस.टी.त अपंगांना भाड्याची 75 टक्के सवलत आहे. पण ती प्रमाणपत्र मिळाल्यावर. प्रमाणपत्र आणावयास जाताना पूर्ण भाडे, बरोबरच्या माणसाचे पूर्ण भाडे आणि त्याचा बुडालेला रोज, एवढे मोजावे लागते.

पाय किती वाकतो, पाठ किती वळते, हे डॉक्टर मोजतो. तो त्याचे काम करतो. परंतु त्या देहाला कोणत्या कामावर जगावयाचे आहे, हा प्रश्न कोणत्याही रकान्यात नाही. तीस टक्के अपंगत्व असलेला कारकून टेबलाशी बसून संसार चालवू शकतो. तेवढ्याच अपंगत्वाचा ऊसतोड मजूर उपाशी राहतो. हा विचार कायद्याला अपरिचित आहे, असेही नाही. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली डावा हात गमावलेल्या एका सुताराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले होते. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमावण्याची शक्ती शंभर टक्के गेली, हा निष्कर्ष न्यायालयाने 1975 साली उचलून धरला. नुकसानभरपाईत मान्य झालेले हे तत्त्व निवृत्तिवेतनाच्या दारात मात्र अद्याप पोहोचलेले नाही.

टक्के मिळाले तरी उत्पन्नाची अट उभी राहते. निराधार योजनेत ती कुटुंबासाठी वर्षाला 21,000 रुपये होती. अपंगांसाठी ती पुढे 50,000 करण्यात आली. 2025-26 साली राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. या दराने घरातील एका माणसाने 161 दिवस काम केले की 50,000 ची मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे नवरा अंथरुणाला खिळल्यावर बायकोने अर्धे वर्षही राबू नये. राबल्यास नवरा निराधार उरत नाही! मग काय होते? तलाठ्याकडे उत्पन्न कमी सांगावे लागते, तो कमी लिहितो आणि सारेजण ते खरे मानतात. आधी नियमच माणसाला खोटे बोलावयास लावतो, आणि त्या खोट्याच्या धाकाखाली त्याने पुढाऱ्याच्या आणि दलालाच्या मुठीत राहावे, अशी व्यवस्था होते.

ही मूठ आणखी घट्ट होते ती मंजुरीच्या वेळी. अर्ज तालुका समितीपुढे जातो. तिच्यावर अशासकीय सदस्य नेमले जातात, ते सत्तेवर असलेल्यांच्या शिफारशीने. समिती नेमलेली नसेल किंवा बैठक लांबली, तर अर्जही लांबतो. रोजगार हमीत काम मागितल्यापासून 15 दिवसांत काम न दिल्यास बेकारभत्ता द्यावा, असे कलम आहे. तो भत्ता क्वचितच मिळाला, हे खरे. तथापि कलम होते म्हणूनच मोर्चे निघाले, अधिकाऱ्याला जाब विचारता आला आणि कामे सुरू झाली. अपंगाच्या अर्जाला उशीर झाला तर सरकारला काहीच मोजावे लागत नाही. उशिराची किंमत अर्जदार मोजतो.

रकमेची कथा वेगळी नाही. 2023 पासून योजनेची रक्कम महिना 1500 रुपये झाली, म्हणजे दिवसाला 50 रुपये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 24व्या कलमाप्रमाणे अपंगांचे साहाय्य इतरांच्या तशाच योजनांपेक्षा किमान 25 टक्क्यांनी अधिक असावयास हवे. तो कायदा एप्रिल 2017 मध्ये अमलात आला. महाराष्ट्रात अपंगांची रक्कम 2500 रुपये झाली ती ऑक्टोबर 2025 पासून. 'अपंग' शब्द जाऊन 'दिव्यांग' आला, 2022 साली स्वतंत्र खातेही झाले; रांग होती तेथेच आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, पैसा कोठून आणावयाचा? रोजगार हमीसाठी तो व्यवसाय करातून आला होता. इच्छा असेल तेथे मार्ग निघतो. दुसरा, खोटे लाभार्थी घुसतील. 2024 साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांवरून देशभर वाद झाला आणि त्यांतील काही प्रमाणपत्रे याच जिल्ह्यातून गेलेली होती. खोटे शोधलेच पाहिजे. परंतु सनदी नोकरीच्या वाटेवर उपजलेल्या संशयाचा भार मणका मोडलेल्या मजुराने वाहावा, हा न्याय नव्हे.

कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. प्रत्येक अर्जाची तारखेसह पोच घ्यावी आणि नकार मिळाल्यास तो कारणासह लेखी मागावा. अपघात कामावर झाला असेल तर नुकसानभरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा. कारखाना मुकादमाकडे आणि मुकादम कंत्राटदाराकडे बोट दाखवील. परंतु कंत्राटदारामार्फत काम करून घेणाऱ्या मूळ मालकावरही कायद्याने जबाबदारी टाकली आहे, हे विसरू नये. ही झाली रोजची लढाई. त्यापलीकडची मागणी अशी : प्रमाणपत्र तालुक्याच्या ठिकाणी मिळावे, तपासणीत अर्जदाराच्या कामाचा विचार व्हावा, घरातील दुसऱ्याच्या मजुरीमुळे कोणी अपात्र ठरू नये, आणि ठरल्या मुदतीत निर्णय न झाल्यास अर्जाच्या तारखेपासून रक्कम देणे सरकारवर कायद्याने बंधनकारक व्हावे.

1972 साली खडी फोडणाऱ्यांनी दया मागितली नव्हती, काम मागितले होते. त्याच खडीवर, त्याच उसाच्या फडात ज्यांचे देह झिजले, त्यांच्या वाट्याला अनुच्छेदाचे उरलेले अर्धे वाक्य यावयाचे आहे. ते कायद्यात उतरविणे हे अपूर्ण राहिलेले काम आहे, आणि त्याची सुरुवात तहसील कचेरीतील पहिल्या लेखी पोचेपासून होते.