बिस्त्रोतील एक रात्र
(नभोवाणीवरील भाषण)



भोजनावर बोलावयाचे म्हणजे वक्त्याने पक्वान्नांची यादी वाचावी, अशी एक समजूत आहे. माझ्या आजच्या हकीकतीत पदार्थ मोजून दोनच आहेत, आणि त्यांपैकी एक तर मी खाल्लाच नाही.

गोष्ट २०१८ सालच्या ऑक्टोबर महिन्यातली. माझा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त पॅरिसला राहत होता. त्याच्या आईला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते, आणि त्याच्या आग्रहावरून मी इंदूरहून पंधरा दिवसांसाठी त्याच्याकडे गेलो होतो. आम्हां बापलेकांत भांडण असे कधी झाले नाही. पण बोलणेही फारसे नव्हते. त्याचा फोन आला की, "प्रकृती बरी आहे ना?" एवढे विचारून मी तो त्याच्या आईच्या हाती देत असे. पॅरिसला गेल्यावर प्रथमच ध्यानात आले की, आता फोन द्यायला कोणी उरलेले नाही. बरोबर नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यांवर मी चार दिवस काढले. तो समोर बसून आपले जेवण मुकाट्याने उरकीत असे.

पाचव्या दिवशी तो म्हणाला, "बाबा, आज बाहेर जेवू या." बास्तीयच्या चौकामागील एका गल्लीतल्या बिस्त्रोत त्याने मला नेले.

बिस्त्रो म्हणजे बडे उपाहारगृह नव्हे. दहाबारा मेजे, दाराशी जस्ताच्या पत्र्याने मढविलेला कट्टा, आणि त्या दिवशीचे पदार्थ खडूने लिहिलेली पाटी. पाव आणि साध्या पाण्याची सुरई न मागता येते. त्यांचे निराळे पैसे पडत नाहीत. १८१४ साली पॅरिसमध्ये शिरलेले रशियन सैनिक "बिस्त्रो, बिस्त्रो", म्हणजे "लवकर, लवकर", असे ओरडून खाणे मागवीत, त्यावरून हे नाव पडले, असे पुष्कळ जण सांगतात. कथा गोड आहे, परंतु भाषापंडित ती मानीत नाहीत. कारण हा शब्द छापील मजकुरात आढळतो तो १८८० नंतरच्या दशकात, सत्तर वर्षांनी.

त्या कथेपेक्षा मला खरा इतिहासच अधिक जवळचा वाटला. फ्रान्सच्या मध्यभागी ओव्हेर्न्य नावाचा डोंगराळ, गरीब मुलूख आहे. तेथील माणसे पोट भरण्यासाठी पॅरिसला येत. आधी त्यांनी घरोघर पाणी वाहिले, पुढे लाकूड आणि कोळसा विकला. नवरा कोळशाची पोती घेऊन जिने चढे आणि बायको दुकानाच्या पुढल्या भागात गिऱ्हाइकांना मद्याचा पेला भरून देई. पेल्याबरोबर कधी गावाकडचे दोन घास येऊ लागले, आणि पॅरिसमधली कितीतरी छोटी उपाहारगृहे अशा दुकानांतून उभी राहिली. हे ऐकताना मला मुंबईच्या गिरणगावातील खाणावळी आठवल्या. गाव सोडून आलेल्या माणसांना गावचीच चव लागते, आणि ती रांधणारी बाईही बहुधा गाव सोडूनच आलेली असते.

मुलाने माझ्यासाठी कांद्याचे सार सांगितले. कांदा लोण्यात तपकिरी होईपर्यंत परतून केलेले हे सार, वर पावाचा तुकडा आणि चीज. वास सुरेख होता. मी चमचा उचलणार, तोच पलीकडून मालकीणबाई लगबगीने आल्या आणि मुलाला काही म्हणाल्या. त्याचा चेहरा उतरला. मी मांस खात नाही हे त्यांच्या कानी गेले होते, आणि त्या साराला आधार गाईच्या हाडामांसाच्या काढ्याचा होता! भांडे परत गेले. मुलगा खाली मान घालून बसला. बाईंनी विचारले, मग यांना काय देऊ? मी म्हणालो, "काहीतरी द्या म्हणावे."

तो एकदम हसला. त्या मालकीणबाई ओब्राकच्या पठारावरील निघाल्या. आणि तिकडे असे सांगतात की, जुन्या काळी यात्रेकरू तेथील मठाच्या दाराशी येऊन लॅटिनमध्ये "आलिक्विद", म्हणजे "काहीतरी", मागत. त्यावरूनच तिकडच्या एका पदार्थाला आलिगो हे नाव पडले म्हणे. तोच त्यांनी केला. उकडलेल्या बटाट्यांचा गरम लगदा, त्यात लोणी, साय, लसूण आणि न मुरलेले ताजे चीज. आणि हे सारे लाकडी डावाने घोटायचे, घोटायचे, तार सुटेपर्यंत घोटायचे. बाई पातेले घेऊन मेजाशी आल्या आणि डाव खांद्याइतका उंच नेला, तरी तार तुटेना. मी दुसऱ्यांदा वाढून घेतले.

पोटात ऊन ऊन अन्न गेले म्हणून असेल, मी बोललो. त्याची आई गेली त्या दिवशी तो विमानात होता. नातेवाईक म्हणाले, किती वेळ ठेवायचे? आणि मी होकार दिला. तो पोहोचला तेव्हा सर्व आटोपले होते. मी म्हटले, "थांबायला हवे होते. तो निर्णय माझाच होता." त्याने उत्तर दिले नाही. पावाच्या तुकड्याने बशी पुसली आणि बऱ्याच वेळाने विचारले, "शेवटी काही बोलली का?" मग आईविषयी आम्ही बोलत राहिलो. खुर्च्या मेजांवर उलट्या ठेवल्या जाईपर्यंत आम्हांला कोणी उठविले नाही.

इंदूरला परतल्यावर ग्रंथालयात एक दुग्धव्यवसायाचे पुस्तक चाळताना कळले की, अशा चीजचे दूध परंपरेने वासराच्या जठरातून काढलेल्या विरजणाने गोठवितात. पुस्तक मिटून मी काही वेळ तसाच बसलो. रात्री त्याला फोन केला.

"मला ठाऊक होते, बाबा," तो म्हणाला. "पण तुम्ही दुसऱ्यांदा मागून घेतलेत. मग मला सांगवेना."

मी रागावलो नाही असे म्हणणार नाही. परंतु फोन ठेवलाही नाही. पुढच्या रविवारी माळव्याचे चांगले बटाटे आणून, त्याने फोनवर सांगितले तसे मी ते घोटले. चीजऐवजी घरी केलेले पनीर घातले. लिंबू पिळून फाडलेल्या दुधाचे पनीर वितळत नाही, म्हणून तार काही आली नाही. लसूणही जास्त झाला. तिकडून तो म्हणाला, "दाखवा बघू," आणि मी फोन पातेल्यावर धरला.