स्थगिती मिळाली, कायदा तसाच

आज आपण जाणार आहोत ब्रुनेईला. बोर्निओ बेटावरचा छोटासा देश, पण तेलाच्या पैशाने गब्बर.

३ एप्रिल २०१९ ला तिथे शरिया दंडसंहिता पूर्णपणे लागू झाली. चोरीसाठी हात तोडायचा. व्यभिचार किंवा पुरुषांमधले समलैंगिक संबंध असतील, तर दगडांनी ठेचून मारायचं. हो, २०१९ सालीच!

जगभर गदारोळ झाला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार प्रमुख मिशेल बाशेले यांनी विरोध केला. अभिनेता जॉर्ज क्लूनीने सुलतानाच्या मालकीच्या हॉटेलांवर बहिष्कार घाला म्हटलं. वेगवेगळ्या देशांच्या सरकारांनी 'चिंता व्यक्त केली'. ब्रिटनची तर पंचाईतच, कारण त्यांचे गुरखा सैनिक ब्रुनेईत तैनात आहेत. हे सगळं वाचून मी वैतागले होते. चिंता व्यक्त करून कुणाचा हात वाचतो का?

पण ५ मे ला सुलतान हसनल बोल्किया भाषणात म्हणाले, की मृत्युदंडावरची स्थगिती या नव्या कायद्यालाही लागू राहील. तिथे १९५७ नंतर कुणालाच फाशी दिलेली नाही. म्हणजे बोलण्याचा थोडा तरी उपयोग झाला.

आता पुढची गंमत ऐका. खरं तर गंमत नाही ती. स्थगिती फक्त मृत्युदंडाला आहे. हात तोडणं, फटके मारणं तिच्यात येत नाही. आणि कायदा रद्द झालाच नाही.

आपल्याकडे बघा. इंग्रजांनी इंडियन पिनल कोडचा साचा ब्रुनेईतही नेला होता, कलम ३७७ सकट. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने प्रौढांच्या संमतीचे समलैंगिक संबंध त्या कलमातून वगळले. कुणा परक्या राजदूतामुळे नाही, तर इथलीच माणसं वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढली म्हणून. ब्रुनेईत १९६२ पासून आणीबाणी आहे, लोकांनी निवडून दिलेली संसद नाही. तिथल्या एखाद्या मुलाने दाद मागायची कुठे?

म्हणून बाहेरच्यांनी बोलायलाच हवं, असं मला आता वाटतं. फक्त स्थगिती मिळाली की विषय संपला, असं समजू नका. टांगती तलवार म्यानात गेलेली नसते.

पुढच्या वेळी 'चिंता व्यक्त केली' अशी बातमी दिसली, तर स्क्रोल करण्याआधी एवढंच शोधा: कायदा बदलला की नुसता थांबला?