पार्षदबाईंना बोलू द्या

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी इंदूरला स्थायिक झालो. इथं नगरसेवकाला पार्षद म्हणतात. घरात मराठी बोलणारे आम्हीही पार्षदच म्हणतो.

आज आमच्या वॉर्डातल्या एका बैठकीबद्दल सांगतो. ट्यूशनहून मुली ज्या रस्त्यानं परततात, तिथले दिवे बरेच दिवस बंद होते. मोटरसायकलवरची पोरं अंधारात घिरट्या घालायची. पार्षदबाईंनी सगळ्यांना बोलावलं. पहिली दहा मिनिटं नुसती आरडाओरड! एक गृहस्थ उठून म्हणाले, "मॅडम, तुम्ही राहू द्या, भाईसाहेबांना बोलवा." भाईसाहेब म्हणजे बाईंचे यजमान. मध्य प्रदेशात नगरपालिकांच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, पण 'पार्षदपती' हे बिननिवडणुकीचं पद आपणच तयार करून ठेवलंय. मला हे अजिबात पटत नाही. मतं बाईंना पडली, तर प्रश्नही बाईंनाच विचारा ना.

बाईंचा आवाज चढला नाही. म्हणाल्या, "काका, दिव्यांचं मला सांगा. पोलीस माझ्या हाताखाली नाहीत, म्हणून ठाण्याच्या साहेबांना इथंच बोलावलंय."

हा फरक पुष्कळांना ठाऊक नसतो. 74वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली. तिच्या बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी 18 विषय आहेत. रस्ते, पाणी, अग्निशमन, रस्त्यावरचे दिवे, पार्किंग त्यात येतं. पोलीस येत नाहीत, ते राज्याकडे. त्यामुळे गुंडगिरीवरून पार्षदाला शिव्या देऊन उपयोग नसतो. त्यांच्यामार्फत ठाण्यावर दबाव मात्र आणता येतो. प्रसंग अंगावर आला तर थेट 112. आणि तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत वॉर्ड समित्या हव्यात, असंही घटनेत लिहिलंय. तुमच्या शहरात ती बसते का, विचारून बघा.

आमच्या पलटणीत सैनिक संमेलन व्हायचं. जवान उभा राहून अडचण मांडायचा, ती लिहून घेतली जायची आणि पुढच्या संमेलनात आधी तिचं उत्तर द्यावं लागायचं, कमांडिंग ऑफिसर असला तरी. मी बाईंना एवढंच सुचवलं की एक वही ठेवा.

मग मागून अकरावीतली एक मुलगी उठली. कुठल्या वळणावर, किती वाजता, कुठल्या रंगाची गाडी, सगळं तिनं सांगितलं. तिची आई तिचा हात ओढत होती, खाली बस म्हणून. हॉल एकदम गप्प झाला. भाईसाहेबांना बोलवा म्हणणारे गृहस्थही. ठाण्याच्या साहेबांनी वेळ लिहून घेतली.

दिवे आठवड्यात लागले. गस्त सुरू झाली, पण मधूनमधून चुकते. पुढच्या बैठकीत वहीतला पहिला मुद्दा तोच आहे, दुसरा उघड्या नाल्यावरच्या झाकणाचा.