बोटीने लंकेला जाताना

हुबळीच्या दाजीबानपेठेतील मंडळींना समुद्र पाहावासा वाटला, तर ती कारवार किंवा गोवा गाठतात. समुद्र ओलांडून बोटीने परदेशी जाण्याचा विचार मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. पण तशी वाट आपल्या दक्षिणेतच आहे. तामिळनाडूतील नागपट्टणम् येथून श्रीलंकेतील कांकेसंतुरै हे बंदर सुमारे ११० किलोमीटर दूर, म्हणजे चार तासांच्या आसपासच्या अंतरावर आहे.

ही वाट आपल्या मर्जीने चालत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. १९१४ पासून धनुष्कोडी व तलैमन्नार यांच्यामध्ये आगबोट चाले, आणि मद्रासहून कोलंबोपर्यंत एकाच तिकिटावर जाता येई. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त केली. नागपट्टणम् येथून १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झालेली बोटसुद्धा पावसाळी हवेमुळे काही दिवसांतच थांबवावी लागली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ‘शिवगंगाई’ या बोटीने ती पुन्हा सुरू झाली. आपला पाऊस सरला म्हणजे समुद्र निवळला, असे आपण समजतो. परंतु त्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर हाच पावसाचा व वादळांचा काळ असतो. म्हणून तो टाळावा, आणि बोट चालू आहे की नाही याची खात्री करूनच घर सोडावे.

जाताना व येताना एकेक दिवस मोकळा ठेवावा. परतीच्या बोटीला लागूनच आगगाडीचे तिकीट काढले आणि बोट सुटली नाही, तर पैसा व धीर दोन्ही जातात. बोट ठरल्याप्रमाणे निघाली, तरी मोकळा दिवस वाया जात नाही. वाटेवरच तंजावर लागते. तेथील सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या देवळातील १८०३ चा मराठी शिलालेख मराठी माणसाने अवश्य पाहावा.

प्रवास थोडक्या तासांचा असला, तरी देशाची सीमा ओलांडायची असते. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी. श्रीलंकेचा प्रवेशपरवाना आधीच मिळवावा. कागदांच्या छापील प्रती जवळ ठेवाव्यात, कारण भर समुद्रात मोबाईलचा भरवसा नसतो. सामानाच्या वजनाची मर्यादा तिकीट काढतानाच विचारून घ्यावी. पासपोर्टची व जकातीची तपासणी आधी होते, म्हणून बंदरावर पुष्कळ अगोदर पोहोचावे. आणि कोणी कितीही गळ घातली, तरी परक्याचे पुडके आपल्या पिशवीत घेऊ नये. आत काही निषिद्ध निघाले, तर जाब तुम्हालाच द्यावा लागेल.

बोट लागण्याची भीती पुष्कळांना असते. उपाशी निघू नये, तसेच तळकट खाऊनही निघू नये. औषध घ्यायचे ते वैद्याच्या सल्ल्याने, आणि बोट सुटण्याच्या तासभर आधी. बैठक शक्यतो बोटीच्या मध्यभागी घ्यावी, वाचन टाळावे आणि नजर दूर क्षितिजावर ठेवावी. प्राणरक्षक जाकीट कोठे आहे, हे बसतानाच पाहून घ्यावे.

पलीकडे उतरल्यावर घड्याळ बदलावे लागत नाही, कारण दोन्ही देशांची वेळ एकच आहे. पण घड्याळ एक असले तरी कायदा निराळा आहे, याचे भान ठेवावे. समुद्राला घाई चालत नाही. सवड काढून जो निघेल, त्यालाच हा प्रवास सुखाचा होईल.