वजन वाढते ते कशाने?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



स्थूल बाई दिसली की "हिचा जिभेवर ताबा नाही" असा ठपका आपण चटकन ठेवतो. मीही स्वतःला तोच दोष देत असे. दोन वर्षांपूर्वी माझ्या रक्तात साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी माझी कंबर मोजली, ती ९२ सेंटीमीटर भरली. आपल्या बायकांची ती ८० च्या आत असावी, असे ते म्हणाले. घरी येऊन मी माझा सारा दिवस कागदावर लिहून काढला.

बदलापूरच्या जुन्या घरी विहिरीचे पाणी शेंदावे लागे. आता नळ आहे, मिक्सर आहे, लिफ्ट आहे. पहाटे साडेचारला उठून डबे करायचे, मुंबईची गाडी गाठायची, आठ तास खुर्चीवर बसायचे. रात्री दहाला जेवण आणि जेमतेम पाच तास झोप. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, हे आता शास्त्राने दाखवले आहे. उल्हासनगरची माझी मैत्रीण दिवसभर शिवणयंत्रावर वाकलेली असते. तिचीही हीच गत. स्टेशनाबाहेर वडापाव हाताशी, पण चालायला मोकळी वाट नाही. शिवाय "वाया जाऊ नये" म्हणून पातेल्यातला उरलेला भात कोणाच्या ताटात जातो, हे मी तुम्हांला सांगायला नको!

सडपातळ भगिनींनीही निर्धास्त राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन यडकिन यांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे होते. पण अंगातली चरबी यडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली! ही तुलना २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आपली चरबी पोटाशी लपून राहते, ती अशी.

मी उपास धरले नाहीत. उरलेला भात सकाळच्या न्याहारीला ठेवू लागले. सायंकाळच्या गाडीसाठी पिशवीत भाजलेले चणे असतात. रात्रीची भांडी आता यजमान आणि मुलगा घासतात. त्यामुळे मला तासभर अधिक झोप मिळते. आज कंबर ८७ वर आली आहे आणि साखर आटोक्यात आहे.

आठवड्याला १५० मिनिटे झपझप चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. एकटीला संकोच वाटतो. दहाजणी निघाल्या तर रस्ताही आपला होतो. अंबरनाथच्या भगिनींनी शिवमंदिराच्या वाटेने निघावे, आम्ही बदलापूरकर उल्हास नदीकडे जाऊ. घरच्यांसाठी आपण आयुष्यभर वेळ काढला. हा अर्धा तास आता घरच्यांकडून हक्काने मागून घ्या, एवढीच माझी विनंती.