पेशीचं विसरणं
(ओटाहुहु येथे मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)

फराळानंतर विज्ञान म्हणजे जरा जडच, पण फार वेळ घेणार नाही.

इथून मोटरवेने दक्षिणेला गेलं की हॅमिल्टन. तिथल्या रुआकुरा संशोधन केंद्रात ३१ जुलै १९९८ रोजी एल्सी नावाची कालवड जन्मली. एंडरबी बेटावरच्या गुरांपैकी 'लेडी' ही एकच गाय उरली होती. डेव्हिड वेल्स आणि सहकाऱ्यांनी लेडीच्या अंडाशयातली पेशी घेतली, केंद्रक काढलेल्या बीजांडात घातली आणि त्यातून एल्सी झाली.

यातली खरी गंमत पुढेच आहे. एकेका पेशीत सुमारे दोन मीटर डीएनए, हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला. आपण इकडे येताना बॅगा भरल्या ना? लागणारं वर, नको ते तळाशी. तसंच इथे. कुठला भाग उघडा नि कुठला बंद, यावर पेशी यकृताची की कातडीची ते ठरतं. लेडीच्या पेशीला ही सगळी बॅग रिकामी करून पुन्हा पहिल्या दिवसावर यायचं होतं. म्हणूनच असे बहुतेक प्रयत्न फसतात.

निसर्गात हे रोज घडतं. शुक्राणूतला डीएनए प्रोटॅमिनने आवळून बांधलेला असतो. बीजांडात शिरल्यावर काही तासांतच ती बांधणी सुटते, आईकडचे हिस्टोन येतात. डीएनएवरच्या मिथाइल खुणा पुसल्या जातात, वडिलांकडच्या झपाट्याने, आईकडच्या सावकाश. गर्भ गर्भाशयात रुजण्याच्या सुमारास नव्या खुणा लागतात. मोजक्या जनुकांवरच्या 'हे बाबांचं, हे आईचं' या खुणा मात्र टिकून राहतात.

आता आपल्या घरात येऊ. मिथाइलसाठी फोलेट आणि बी-१२ दोन्ही लागतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या सहा खेड्यांतल्या मातांचा अभ्यास केला. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की ज्या आयांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. कारण मिथाइल खुणाच, हे अजून सिद्ध नाही. पण इथल्या ब्रेडच्या पिठात २०२३ पासून फोलिक अॅसिड घालतात (चांगलंच आहे), बी-१२ नाही.

'मग मटण खायचं का?' असं मागून कोणीतरी विचारलंच! नको हो काकू. दूध-दही चालू ठेवा, आणि सुनेला बाळ हवं असेल तर आधीच डॉक्टरांकडून बी-१२ तपासून घ्यायला सांगा.